शेंडी काढलेला नारळ

धाकू: तिथंच थांब, चांग्या. उंबऱ्याच्या आत पाय टाकलास तर ह्याच कोयत्यानं तोडीन.

विनिता: धाकूकाका, आधी कोयता खाली ठेवा. बाबाला मी घेऊन आलेय.

धाकू: का? सहा वर्सांत तुझा बाप ह्या आळीत फिरकला न्हाय. आज वाट चुकला काय?

चांगदेव: विने, तू गप ऱ्हा. मी बोलतो.

धाकू: तू काय बोलतोस? सदऱ्याकडं बघ तुझ्या. रक्त कुणाचं हाय ते?

चांगदेव: केतनचं.

धाकू: पुतण्याचं? सख्ख्या भावाच्या पोराचं?

विनिता: अकरा टाके पडले, काका. कानाच्या वर. आत्ता अलिबागवरूनच येतोय आम्ही. मी अडवेपर्यंत बाबाने तीन वेळा नारळ घातला त्याच्या डोक्यात. तिसऱ्या वेळी तो हात जोडून खाली बसला होता. तरी घातला.

धाकू: नारळच?

चांगदेव: हातात तोच व्हता.

धाकू: तुझ्या हातात कायम तोच असतो. डॉक्टरला काय सांगितलंन पोरानं?

विनिता: धक्क्यावर शेवाळावरून घसरलो म्हणाला. बाबाचं नाव नाही घेतलं.

धाकू: मीबी न्हाय घेतलं व्हतं. पोलीस इथंच उभा व्हता, तू उभा हायस ना, तिथं. म्हटलं, नारळफोडीत लागला, खेळ हाय. गावाची नारळी पुनव नासायला नको. लय शहाणा व्हतो मी.

चांगदेव: धाकू...

धाकू: आन् रविवारी तुझा मोठा खेळ हाय म्हणं. रिक्षा स्टँडवर बॅनर बघतो रोज. नारळ धरलेला तुझा फोटो, माझ्या दारापेक्षा मोठा. काय काय हाय गं पोरी तिथं, मुंबईला?

विनिता: सागर महोत्सव, काका. उद्यापासून तीन दिवस. पहिल्या दिवशी गाणी, बँड. मग मासळीचे स्टॉल, माझाही एक आहे, तांदळाची भाकरी आणि जवळा. शनिवारी कबड्डी. रविवारी शेवटी नारळफोडी, आपल्यासारखीच, नारळावर नारळ, ज्याचा फुटला तो बाद. बाबाचं नाव मीच दिलं होतं.

धाकू: द्यायलाच पायजे. सहा पुनवा न हरलेला गडी.

चांगदेव: हरलेलो हाय. सहाच्या सहा.

धाकू: काय म्हटलंस?

चांगदेव: नारळ भरलेले व्हते.

धाकू: परत बोल.

चांगदेव: भरलेले व्हते रे! केतन होड्यांना फायबर मारतो ना, त्याच्यातलंच ते चिकट. मऊ डोळ्याला भोक पाडायचं, पाणी काढायचं, आत हे वतायचं. सुकला की दगड. वर शेंडी असती, डोळं कुणाला दिसत न्हाय.

धाकू: आन् तुला ठावं न्हाय? अख्ख्या रेवदंड्यात नारळ पारखणारा तू एक! दातावर टकटक करून सांगायचास, ह्यो तीन घाव खाईल, ह्यो सात.

विनिता: बाबाला दात नाहीत, काका.

चांगदेव: विने!

विनिता: ओरडू नकोस. आज तुझ्या ओरडण्याला मी घाबरत नाही. सात वर्षांपूर्वी सगळे काढले, काका. मुरुडला जाऊन कवळी बसवली, इथे कुणाला कळू नये म्हणून. कवळीवर सगळे नारळ सारखेच वाजतात. त्या वर्षी बाबा हरला, आठवतंय? घरी येऊन तीन दिवस जेवला नाही. पुढच्या पुनवेपासून केतन त्याचा नारळ बदलायला लागला. आपला काका हरायला नको म्हणून. एवढंच त्या मुलाचं पाप.

चांगदेव: मला वाटायचं, कळतंय मला अजून. वाजवायचो, मान हलवायचो. पोरगं समोर बसून बघायचं माझं नाटक.

धाकू: मग आज कसं उजेडात आलं?

विनिता: महोत्सववाल्यांचा नियम. नारळ शेंडी काढूनच आणायचा. सकाळी मोबाइलवर मीच वाचून दाखवला. बाबा लगेच बसला शेंडी उपटायला.

चांगदेव: डोळ्यात बूच व्हतं. गुळगुळीत. बोट फिरवलं त्यावरनं, आन् केतनकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. तितकंच. मग मला काय दिसलं न्हाय.

धाकू: मी काय म्हटलो व्हतो, चांग्या? त्या दिवशी, धक्क्यावर?

चांगदेव: ठावं हाय तुला.

धाकू: तुझ्या तोंडानं बोल. पोरीला ऐकू दे.

चांगदेव: म्हटलास, आवाज बराबर येत न्हाय. शेंडी काढून दाखव.

धाकू: मग?

चांगदेव: मला राग आला. सगळा गाव व्हता. मला चोर म्हणतो, म्हटलं.

धाकू: चोर म्हटलो न्हाय. शेंडी काढ म्हटलो. मग?

चांगदेव: तू नारळ मागायला हात पुढं केला व्हतास. त्याच्यावर घातला.

धाकू: किती?

चांगदेव: ध्यानात न्हाय.

धाकू: माझ्या हाय. चार. पयल्यालाच बोटं गेली. दुसऱ्याला मी गुडघ्यावर आलो. मग तू माझ्या मनगटावर पाय दिलास, हात हलायला नको म्हणून, आन् वरनं दोन. हाड कातडीतनं बाहेर आलं, गोरं गोरं. बाया ओरडल्या. तुझा नारळ तसाच, त्याला चीरबी न्हाय. तवाच तुला कळायला पायजे व्हतं.

विनिता: बाबा, तू तर म्हणाला होतास एकच बसला. चुकून.

धाकू: त्या हातात सुकाणू असायचं माझ्या. होडी गेली दुसऱ्याला. आता डाव्या हातानं सुपाऱ्या सोलतो लोकांच्या. सदऱ्याचं बटण बायको लावते, सखू, आन् लावताना खाली बघते. मी म्हटलो शेंडी काढ, तर हात मोडलास. मुंबईवाल्यांनी मोबाइलवर म्हटलं, तर मुकाट्यानं बसलास काढायला!

चांगदेव: व्हय.

धाकू: व्हय काय? व्हय म्हणायला आलास?

चांगदेव: नारळ आणलाय. केतनला घातला तोच. हा पाटा हाय तुझ्या दारात, ह्याच्यावर हात ठेवतो. उजवा. चार घाल.

विनिता: बाबा, वेड लागलंय का तुला? माफी मागायला आणलंय मी तुला!

चांगदेव: माफी मागून ह्याचा हात जुळंल? तू बाजूला हो. धाकू, घे.

धाकू: आण इकडं. जड हाय रे. रक्तबी तसंच हाय अजून. हात पुरा ठेव, बोटं पसरून. माझी पसरलेली व्हती.

विनिता: काका, नको. काका, पाया पडते तुमच्या! तुम्ही तसे नाही आहात.

धाकू: कसा न्हाय? सहा वर्सं झोपताना रोज हेच करतो मी. रोज चार.

(पाट्यावर जोरात घाव पडल्याचा आवाज. विनिता किंचाळते.)

चांगदेव: चुकला तुझा.

धाकू: डावा हात हाय. नेम बसत न्हाय.

चांगदेव: परत घाल. मी काढला न्हाय हात.

धाकू: बघितलं. आईच्या पाट्याचा टवका उडवला तुझ्या नारळानं. उचल हात. उचल म्हणतो ना! फुटलेला हात बघून माझं काय भलं व्हणार? आणिक एकाला बटण लावायला माणूस लागंल.

चांगदेव: मग मी काय करू सांग. रविवारी मायकावर सगळं बोलतो. हजारो माणसांसमोर.

धाकू: न्हाय. तू बोलशील, रडशील, लोकं टाळ्या वाजवतील. केवढ्या मनाचा माणूस म्हणतील. परत तूच जिंकलास. मला न्हाय पायजेत त्या टाळ्या.

विनिता: मी नाव काढून घेते बाबाचं. आत्ता फोन करते.

धाकू: काढू नको. खेळू दे त्याला. पोरी, ती नारळाची पाटी वढ इकडं. परसातले हायत. माझे दात हायत अजून. हात मोडलास, पण दात पाडायचे ऱ्हायले तुझ्याकडनं. थांबा, वाजवून बघतो. ह्यो न्हाय. ह्योबी न्हाय, ह्यो पाच घाव खाईल. हां. ह्यो. ह्यो घेऊन जा मुंबईला.

चांगदेव: कसला हाय?

धाकू: पातळ करवंटीचा. पयल्याच घावात फुटंल.

चांगदेव: पयल्याच?

धाकू: बॅनर तुझ्या मागं, पोरं शिट्ट्या मारणार, आन् तू फुटका नारळ हातात घेऊन उभा. मला ते बघायचंय. काय बोलायचं न्हाय, कारण सांगायचं न्हाय. फुटला की खाली उतरायचं.

विनिता: काका, त्याच्यापेक्षा...

चांगदेव: दे.

धाकू: ऐकलंस ना काय म्हटलो?

चांगदेव: ऐकलं. दे तो नारळ.

धाकू: आन् तिथं जायच्या आधी दवाखान्यात जायचं. केतनच्या उशाशी बसायचं. माझ्या उशाशी कोण आलं न्हाय.

चांगदेव: हितनं सरळ तिथंच जातो.

धाकू: पोरी, बसायला जागा मिळंल का मला? पुढं?

विनिता: पहिल्या रांगेत बसवते, काका. सखूकाकीला पण आणा.

धाकू: तिला मासळी खायला घाल तुझ्या स्टॉलवर. नारळाचं नाव काढू नको तिच्यासमोर. अरे, असाच कुठं घेऊन चाललास? नियम हाय ना तुझ्या मुंबईवाल्यांचा. ये इकडं. बस.

चांगदेव: आत येऊ?

धाकू: ये. आन् धर ह्यो नारळ, घट्ट. एका हातानं शेंडी निघत न्हाय.