पत्र्याची कड

वेळ सकाळी अकराची, जिंतूर रस्त्यावरच्या एका नव्या खाजगी दवाखान्यासमोर. बाहेरच्या भिंतीवर चकचकीत पत्रे चढत होते. मी बातमीसाठी गेलो होतो. ठेकेदाराला एवढंच विचारलं, "हे आगीत टिकतात, याचा चाचणी अहवाल कुठं आहे?"

"कागद कशाला पायजे, साहेब? डोळ्यानं बघा की."

त्यानं पत्र्याच्या तुकड्याखाली लायटर धरला. काही झालं नाही. शेजारी उभे असलेले पालिकेचे इंजिनिअर म्हणाले, "झाली चाचणी. छापा आता."

"याच्या पोटात काय आहे?"

"पत्राच हाय की!"

मी लायटर घेऊन तुकड्याच्या कापलेल्या कडेला लावला. दोन पत्र्यांमधलं काळं प्लास्टिक पेटलं आणि जळते थेंब खाली गळू लागले. ठेकेदारानं तुकडा फेकून चपलेनं विझवला.

"कडेला कोण काडी लावायलंय, साहेब?" तो चिडून म्हणाला. इंजिनिअर फोन कानाला लावून बाजूला गेले.

पत्रे चढले, उद्घाटन झालं. त्या भिंतीमागे आज बाळंतिणींचा वॉर्ड आहे. माहिती अधिकारात पालिकेकडून मला एकच कागद मिळाला: 'प्रत्यक्ष चाचणी घेतली. पत्रा पेटला नाही.' खाली सही आहे. कुणाची, ते अजून कुणीही सांगितलेलं नाही.