एकतीस डिसेंबरची घोडी

—मंग पुन्हा पाहून घ्या न, घनश्यामभाऊ. ओठ वर करा, ती चावत नाही. कोपऱ्यातल्या दातावरची रेघ पाहिली? अकरा वर्षं. अन् कागदावर बारा. वरातीचे घोडे ठेवून ठेवून तुमचे केस पांढरे झाले, तुम्ही नाही ओळखणार तं कोण? घोडीचं वय कमी सांगणारे हजार भेटले असतीन तुम्हाले, जास्त सांगणारा हा भैय्यालाल पहिलाच. हसा, हसा. साकोलीचे दलालही हसले होते.

कागद खोटा नाही जी. कागद खरा आहे, तेच तं हिचं वाटोळं. पुण्याकडं रेसच्या घोड्यांच्या स्टड फार्मवर चोवीस वर्षं काढली मी — माद्यांची बाळंतपणं करा, शिंगरं वाढवा, लिलावाच्या दिवशी गिऱ्हाइकांपुढं चालवून दाखवा. तिथला कायदा ऐका. घोडं कोणत्याही महिन्यात जन्मो, एक जानेवारी आली का सगळ्यांचं वय एका वर्षानं वाढते. आता समजा एकतीस डिसेंबरले जन्मलं — आईचं दूध धड तोंडाले लागलं नाही, तं दुसऱ्या दिवशी कागदावर वर्षाचं. मंग ते पळन कोणासंग? आपल्याहून वर्षभर मोठ्यांसंग. लिलावात त्याले कोण हात लावन? म्हणून डिसेंबरात मादी व्याली का मालक रजिस्टरवाल्याकडं नुसता पाहते, अन् तो एक जानेवारी लिहून टाकते. रजिस्टरवाला कोण? मीच.

पण हिची तारीख मी खरी लिहिली. एकतीस डिसेंबर, भर दुपार. मालक म्हणे, भैय्यालाल, एक जानेवारी कर. म्हटलं, पान धाडूनही दिलं साहेब स्टड बुकवाल्यांले, साऱ्या रेसच्या घोड्यांची जन्मनोंद ठेवतात त्यांले. नोकरी गेली. सहा महिन्यांनी हिचं दूध तुटलं, तं ट्रकात घालून माझ्या दारी पाठवली — तुझं सत्य तूच पोस म्हणे. गावानं मात्र पंधरा ऑगस्टले शाल-नारळ दिलं. सरपंच म्हणे, तालुक्यात असा इमानदार माणूस नाही. घेतली शाल. काहून नाही घ्यायची?

काय म्हणता? चोवीस वर्षांत हीच एक डिसेंबरात जन्मली का? — लय बारीक विचारता बावा तुम्ही. नाही. आणखी सात होते. त्यांचं काय लिहिलं? एक जानेवारी, दुसरं काय? त्यातले दोन तं मोठमोठ्या रेसा जिंकले, टीव्हीवर पाहिले मी. तेव्हा कुठं गेलती इमानदारी? तुम्ही आज विचारून राहिले, मी रोज विचारतो.

आता निघालंच आहे तं ऐका. त्या एकतीसले माझ्या हर्षाचं साक्षगंध होतं. सुट्टी दोन महिने आधी मागितली, मालक जा म्हणे. अन् अठ्ठावीसले म्हणे, नाही, घोडी पहिलटकरीण आहे, तुझाच हात पाहिजे; साक्षगंधाचं काय, लग्नाले जा. थांबलो. इकडं पाहुणे विचारून राहिले, पोरीचे बाप कुठं? तिचा मामा म्हणे, घोडीचं बाळंतपण करून राहिले. सगळे खो खो हसले. पोरगी उठून आत गेली. माझ्या बायकोनं, तुळसानं, फोनवर सांगितलं मले — हात अजून ओले होते माझे, तसेच रजिस्टरवर ठेवले. सत्य-बित्य काही नाही, घनश्यामभाऊ. मालकाचं वर्ष मोडायचं होतं मले. त्याचं काय मोडलं? त्याच्याजवळ साठ माद्या. मोडली ही. पाय पाहा हिचे, छाती पाहा — अन् सारा जन्म धानाच्या बांध्यांत चरण्यात गेला.

मंग विकून काहून राहिलो? तुळसा गेली. हर्षा जवाहरनगरले असते, जावई फॅक्टरीत, क्वार्टर आहे. दहा वर्षं धड बोलली नाही. बोललीच तं, घोडीजवळच बसा म्हणे. गेल्या महिन्यात आपल्या मनानं म्हणाली, बाबा, इकडं राहाले या. क्वार्टरात घोडी ठेवू देत नाहीत. म्हणून. ह्या वेळी मी पोरीकडं जाऊन राहिलो.

चिठ्ठी? वय नऊ लिहून पाहिजे? खाली सही? — हं. शालवाल्याची सही, पुढच्या गिऱ्हाइकाले दाखवाले बरी. आणा पेन. नऊ कायले, आठ लिहितो. घ्या.

दोर धरा. पिकअपमध्ये ओढू नका, हाकेनं चढते. कोणती हाक? रेसले नाही गेली तं कागदावर नाव चढलंच नाही न जी. मी... मी हर्षू म्हणतो. तुम्ही नका म्हणू. दुसरं काही ठेवा. जा न आता, उभे काहून राहिले?