कॉल लागतात, तपासले आहे

पोलीस ठाणे, येलहंका, बेंगळुरू. अकस्मात मृत्यूच्या नोंदीकामी जबाब. दिनांक १३ ऑक्टोबर २०२५, सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

नाव सुचेता उमाकांत हलगेकर, वय ६१ वर्षे, धंदा घरी ब्लाऊज शिवणे, मूळ गाव खानापूर, जिल्हा बेळगाव. सध्या राहणार मल्लाप्पा यांच्या घराचा दुसरा मजला, जुने येलहंका, बेंगळुरू.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून ठाण्यात येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी, पती उमाकांत, वय ६७, असे दोघे राहत होतो. मुलगा तनय, वय २९, हेब्बाळला खोली घेऊन राहतो. मला कन्नड बोलता येते, पण हे सांगणे मराठीतच जमेल म्हणून हवालदार महांतेश, जे चिकोडीकडचे आहेत, ते लिहून घेत आहेत.

माझे पती घड्याळाच्या कारखान्यात होते. कारखाना बंद झाल्यावर ते घरीच लोकांची घड्याळे दुरुस्त करीत. घड्याळ टाकून दे असे त्यांनी कधी कुणाला सांगितले नाही. तनय इंजिनिअर झाला, मोठ्या कंपनीत लागला आणि दोन वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून त्याने वेगळेच काम घेतले. मोबाईल कंपन्या तीन-चार वर्षांनी जुन्या फोनला नवे सॉफ्टवेअर देणे बंद करतात. अशा फोनसाठी तो व त्याचे मित्र नवे सॉफ्टवेअर तयार करून लोकांना फुकट देतात. खर्चापुरती तो बाहेरची कामे घेतो. पती त्याला फुकटची हमाली म्हणाले. तनयनेही उलट उत्तर दिले. त्यानंतर चौदा महिने बापलेक बोलले नाहीत. दोघेही हट्टी, खाण तशी माती. निरोप्याचे काम माझ्याकडे होते.

या वर्षी मे महिन्यात पतींच्या फोनवर बँकेचे ॲप चालेनासे झाले. दुकानदाराने सांगितले, फोन जुना झाला, नवा घ्या. पती मला म्हणाले, "तुझ्या लेकाला विचार, त्याच्या विद्येत ह्याला काही औषध आहे काय." मी निरोप दिला. तनय त्याच संध्याकाळी आला.

त्याने मला समजावले होते ते असे. फोन सुरू होताना आत कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे हे ठरवणारे एक कुलूप असते, त्याला बूटलोडर म्हणतात. पतींच्या फोनच्या कंपनीने ते कायमचे बंद ठेवले होते व मागूनही किल्ली देत नव्हती. फोन आपण विकत घेतलेला असला तरी देत नाहीत. तनय व त्याच्या मित्रांनी जुलैत ते उघडण्याची वाट शोधली. पण ते उघडले की फोनमधले सगळे पुसले जाते. म्हणून पतींनी दोनशेबारा नंबर आधी वहीत उतरवून काढले. नंतर ते वाचत गेले व तनय परत फोनमध्ये घालत गेला. हा कोण, तो कोण, हा मेला की आहे, असे करत त्यांना चार तास लागले. मी तीनदा चहा दिला. चौदा महिन्यांनंतर घरात दोघांचे आवाज होते. मला त्या फोनबद्दल एवढीच माहिती पुरेशी होती.

पती रोज फोनमधली एकेक खोड वहीत टिपून तनयला सांगू लागले. फोटो जांभळा येतो, गजर चार मिनिटे उशिरा होतो, वगैरे. तनय ती दुरुस्त करी. एक खोड राहिली. पतींच्या सिमवर साधा फोन लागत नव्हता आणि येतही नव्हता. व्हॉट्सॲपवरून बोलणे होत होते, कारण ते इंटरनेटवर चालते. तनयने वडिलांना बजावले होते की कॉल नीट होईपर्यंत बटणांचा लहान फोन सतत गळ्यात ठेवायचा, घरातसुद्धा. त्यासाठी त्याने दुसरे सिम आणून दिले होते. पती ते पाळत होते. मुलाने यात कसलीही हयगय केलेली नाही, हे ठळक लिहावे.

दिनांक १४ सप्टेंबर, रविवार. तनय नऊ दिवस आमच्याकडे राहून त्या एकाच गोष्टीच्या मागे होता. नीट जेवत नव्हता, डोळे लाल झालेले. तेच सॉफ्टवेअर घातलेल्या त्याच्या स्वतःच्या फोनवर, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर, कॉल लागत होता. पतींच्या सिमवर लागतो का एवढेच पाहायचे होते. तो दुपारी म्हणाला की आज नाही झाले तर मी हे सगळे सोडतो, बाबा म्हणत होते तेच खरे. पती मागाहून स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, "व्हायला पाहिजे गं."

संध्याकाळी साडेसातला तनय हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसला. पती बाल्कनीत गेले व त्यांनी माझा नंबर लावला. माझा फोन ओट्यावर, माझ्या हातापासून वीतभर होता. तो वाजला नाही. पती फोन कानाला धरून स्वयंपाकघराच्या दारात आले. त्यांनी माझ्या फोनकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मग हॉलकडे तोंड करून म्हणाले, "लागला रे." तनयने तिथूनच विचारले, "आई, वाजला काय?"

मी सांगितले, "वाजला."

महांतेश यांनी येथे लिहायचे थांबून मला विचारले की हे लिहायलाच पाहिजे का. मी याच्यासाठीच आले आहे असे मी सांगितले.

तनय उठून आत आला व त्याने वडिलांना मिठी मारली. सातवीत स्कॉलरशिप मिळाली तेव्हा मारली होती, त्यानंतर हीच. पतींना काय करावे कळेना, ते त्याच्या पाठीवर थापट्या मारीत राहिले. तनय त्या रात्री जेवून जो झोपला तो दुसऱ्या दिवशी अकराला उठला. त्याला झोपलेला बघून मला खोटे बोलल्याचे काहीही वाटले नाही. खरे सांगायचे तर बरे वाटले.

पती मला म्हणाले की एका सिमचा तर प्रश्न, पुढच्या दुरुस्तीच्या वेळी आपसूक होईल, नाही तर दिवाळीला सांगू. झाकली मूठ सव्वा लाखाची. बटणांचा फोन त्यांनी कपाटात ठेवला, कारण तो गळ्यात दिसला तर तनयने विचारले असते. तनय वरचेवर येत होता. तनयचा साधा फोन त्यांना लागत नसे, तेव्हा तो मला करी. मी अंघोळीला गेलेत, झोपलेत असे सांगे आणि ते मागून व्हॉट्सॲपवरून बोलत. पंचवीस दिवसांत माझे पती किती वेळा अंघोळीला गेले त्याला गणती नाही. आम्ही दोघे यावरून हसतही होतो.

तनयने ते सॉफ्टवेअर लोकांसाठी इंटरनेटवर ठेवले. त्याखाली लिहिले, कॉल लागतात, तपासले आहे, आणि पुढे तपासणारा म्हणून वडिलांचे नाव. पतींनी ते त्याच्याकडून तीनदा वाचून घेतले. नंतर दोन माणसांनी त्याला कळवले की आमच्याकडे कॉल लागत नाही. तनयने त्यांना उत्तर दिले की माझ्या घरी तपासलेले आहे, तुम्ही पुन्हा बघा. हे त्याने मला कौतुकाने सांगितले होते. मी सरी, म्हणजे बरे, म्हटले.

दिनांक ८ ऑक्टोबर, बुधवार. आमच्या भागात दुरुस्तीसाठी सकाळी दहा ते चार वीज बंद राहणार असे कळवलेले होते. मी सव्वादहाला बसने जयनगरला अस्तर व लेस आणायला निघाले. पतींची तब्येत चांगली होती. चटणी कमी तिखट झाली म्हणून कुरकुर करण्याइतकी चांगली होती. मल्लाप्पा व त्यांच्या घरची माणसे गावी गेली होती, त्यामुळे खाली कोणी नव्हते. वीज गेली की आमचे वायफाय जाते. मोबाईलचे इंटरनेट पती बंद ठेवीत, बॅटरी खाते म्हणून. म्हणजे त्या दिवशी व्हॉट्सॲपही नव्हते. हे मला तेव्हा सुचले नाही.

दुपारी दीडच्या सुमारास मी दुकानात पर्समधून फोन काढून पाहिला. एकही कॉल आलेला नव्हता. सगळे ठीक असेल तेव्हाच केलेला नाही, असे वाटले. त्यांचा कॉल येऊच शकत नाही हे साऱ्या बेंगळुरात दोघांनाच माहीत होते, त्यातली एक मी. तरीही मला तसेच वाटले. मी कॉफी घेतली. एका दुकानात साड्या पाहिल्या, घ्यायची नव्हती तरी चार उघडायला लावल्या.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी घरी आले. पती जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकून बसलेले होते. कपाळाला खोक होती. फोन हातात होता. मी हाका मारल्या. रस्त्यावरच्या रिक्षावाल्याने मदत केली. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून आधीच मृत्यू झाल्याचे सांगितले. हृदयाचा झटका आला व उतरताना पडले असावेत. वेळेवर आणले असते तर वाचले असते का, असे मी विचारले. नक्की सांगता येत नाही, असे ते म्हणाले.

पोलिसांनी पंचनाम्यात फोन पाहिला. बारा बावन्न ते एक वाजून नऊ मिनिटे या वेळात अकरा कॉल केलेले आहेत. नऊ मला, शेवटचे दोन तनयला. एकही लागलेला नाही. बटणांचा फोन कपाटात चार्ज केलेला होता. सतरा मिनिटांत त्यांना तो आठवला नसेल, किंवा तिथपर्यंत जाता आले नसेल. मला ते कळायला मार्ग नाही.

तनयने ९ तारखेला जबाब दिला आहे की त्याच्या सॉफ्टवेअरमुळे वडिलांना मदत मागता आली नाही व तो जबाबदार आहे. तो जबाब चुकीचा आहे. त्याला जे सांगितले गेले त्यावर त्याने विश्वास ठेवला, आणि सांगणारी त्याची आई होती. त्याने ते सॉफ्टवेअर इंटरनेटवरून काढून टाकले आहे आणि त्या दोन माणसांची माफी मागितली आहे. चार दिवस तो भिंतीकडे तोंड करून निजतो. मी रोज सकाळी ठरवते की आज सांगायचे. ताट घेऊन जाते आणि ताट ठेवून परत येते. नवरा गेला आहे, आता मुलगाही जाईल, ही मला भीती होती. ती अजून आहे. पण त्याने मला टाकले तरी चालेल, हे ओझे त्याने जन्मभर वागवू नये. म्हणून आले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. पतींनी खोटे सांगितले ते मायेपोटी, आणि मी सांगितले तेही. कायद्यात याला काही शिक्षा असेल तर ती मला द्यावी.

तनय मला गाडीवरून घेऊन आला असून बाहेर बाकावर बसला आहे. मी कागदावर सही करायला आले आहे एवढेच त्याला माहीत आहे. जबाब मला वाचून दाखवायचा असतो असे महांतेश म्हणाले, तेव्हा मी विनंती केली की त्याला आत बोलवावे व दोघांसमोर एकदाच वाचावा. घरी मला ते जमणार नाही.

त्याप्रमाणे तनयला बोलावून, त्याच्यासमोर, जबाब पहिल्यापासून मराठीत मोठ्याने वाचला गेला. मी सांगितले तसाच तो आहे, कमीजास्त काही नाही. वाचून झाल्यावर तनयने मला एकच विचारले, लागत नाही हे बाबांना माहीत होते तर ते तोच फोन का वापरत राहिले. मी सांगितले, तो तू केलेला होता म्हणून. ही दोन वाक्ये माझ्या सांगण्यावरून मागाहून लिहिली. तीही वाचून दाखवली. तीही बरोबर आहेत.

सही: सुचेता उमाकांत हलगेकर