मोजमापाच्या सकाळी आडवं पडायचं

काकू, मंडळी, आणि मैदानावरून थेट इथं आलेल्या पोरींनो,

एवढी माणसं बघून वस्ताद मागच्या मागं निघून गेले असते. मला बंदोबस्तात तासन्‌तास उभं राहायची सवय आहे, बोलायची नाही. त्यातून त्यांच्याबद्दल बोलायचं म्हणजे अवघड. म्हणून एकच गोष्ट सांगते आणि बसते.

इथल्या बऱ्याच जणांना वस्ताद ठाऊक आहेत ते दुधाचा टेंपो चालवणारे म्हणून. शिरोळच्या आसपासची गावं ते सकाळ-संध्याकाळ फिरायचे. मधल्या वेळेत पोलीस भरतीसाठी आम्हाला तयार करायचे. पळणं, गोळाफेक, सगळं. शिव्या भरपूर द्यायचे.

माझं पळणं चांगलं होतं. गोळाही लांब जायचा. अडत होतं उंचीवर. बायकांना एकशे पंचावन्न सेंटिमीटर लागतात. मी सकाळी भरायची, संध्याकाळी भरायची नाही. हसू नका, खरं आहे. दिवसभर उभं राहून, ओझं उचलून माणसाचा कणा दबतो. कुणीतरी सुचवलं, अंबाड्यात मेंदीचा गोळा लपव. वस्तादांनी तिथल्या तिथं माझा अंबाडा सोडायला लावला. चोरी करून पोलीस व्हायचं, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं.

मोजमापाच्या सकाळी त्यांनी टेंपोतले कॅन उतरवले, घरून आणलेली, काकूंनी जुन्या लुगड्यांतून शिवलेली वाकळ अंथरली आणि मला आडवं केलं. पार कोल्हापूरपर्यंत. वाटेत रेल्वे फाटकाला टेंपो थांबला. शेजारच्या एसटीतून एका म्हातारीनं खाली बघितलं आणि मला हात जोडले. मी लाजून उठून बसले. वस्ताद उतरून मागं आले.

"पड खाली. लोकांनी मेली म्हटलं तरी चालंल, पर बसू नगंस."

मैदानावर बाकीच्या पोरी उड्या मारून अंग मोकळं करत होत्या. मी कडेला वाकळेवर. एक हवालदार आला. म्हणाला, पावणं, पोरीला बरं न्हाय काय?

"बरी हाय की," वस्ताद म्हणाले. "वाढायलीया."

उंची भरली. घासून भरली. मी पळत बाहेर येऊन सांगितलं, तर म्हणाले, आता पळायचं हाय, नाचू नगंस.

परत येताना मी पुढं बसले होते. तेव्हा त्यांनी स्वतःचं सांगितलं. तरुणपणी तेही भरतीला गेले होते. तालमीतला गडी. छाती फुगलेली दिसावी म्हणून मोजमापाच्या सकाळी त्यांनी दमछाक होईपर्यंत जोर-बैठका मारल्या. छाती फितीत मावेना. पण बैठकांनी कणा दबला आणि उंची अर्ध्या बोटानं गेली. थोडं पडून परत येतो, असं मोजणाऱ्याला म्हणाले. तो हसला. वस्ताद घरी आले आणि पुढं जन्मभर टेंपो चालवला.

मी विचारलं, वस्ताद, वाईट वाटतं का?

त्यांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "मला कुणी सांगितलं न्हवतं की गं, पडून जा म्हणून."

त्यानंतर त्यांनी कुणाला सांगायचं बाकी ठेवलं? इथं खाकीतली जी माणसं बसली आहेत, त्यांतली कितीतरी त्या वाकळेवर पडून गेली आहेत. हात वर करू नका. मला दिसतंय.

गेल्या आठवड्यात वस्ताद झोपेतच गेले. स्मशानभूमी लांब, म्हणून तोच टेंपो काढला. कॅन उतरवले. वाकळ तीच. मी मागं त्यांच्या उशाशी बसले होते. रस्त्यावरची माणसं थांबून हात जोडत होती. एका वळणावर मला वाटलं, आता हे लाजून उठून बसतील.

नाही बसले. स्वतःचा नियम त्यांनी मोडला नाही.

मी फार रडणारी बाई नाही. पण त्यांच्यामागं मला पोरकं वाटतंय, हे सांगितल्याशिवाय खाली बसवत नाही.

आता सगळ्यांनी उभं राहूया. थोडा वेळ कुणी बोलायचं नाही. पोरींनो, टाचा टेकवा. मान सरळ. श्वास भरून घ्या. आहे तेवढंच उंच उभं राहायचं. वस्ताद बघतायत.