ताटावर नाव कुणाचं?

...आणि ताटालासुद्धा नवरा लागतो, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं हो! अख्खी हयात कारकुनीत गेली, पण असा नियम कुठं वाचला नाही... आता ही पणदऱ्याची विजयमाला. इंदापूरच्या रामहरीशी रीतसर काडीमोड झाला, आंदणातली स्टीलची भांडी तेवढी परत आली, आणि बाईनं लोणी देवकरला कामगारांसाठी खानावळ काढली. पण भांड्यांवर काय? 'सौ. विजयमाला रामहरी'! रोज नवं गिऱ्हाईक ताट चाटूनपुसून विचारणार, "वैनी, हे रामहरी ताटात दिसत्यात, हितं कुठं दिसंनात?"

वैतागली. पोतंभर भांडी घेऊन बारामतीत नाव घालणाऱ्याच्या दुकानात आली. मी तिथं पेपर वाचायला बसतो... फुकट असतो ना! म्हणाली, "हे खोडा, अन् नुसतं विजयमाला घाला." त्यानं मशीनच बंद केलं. "नुसतं? पण पुढं कुणाचं?"

झालं! बरोबर आलेला भाऊ दादासो छाती काढून म्हणतो, "आबांचं घाल की, बापाचं! आमी मेलो व्हय?" हा तोच दादासो बरं का, ज्यानं माहेरी आलेल्या बहिणीला उंबऱ्यातच विचारलं होतं, "परत कवा जाणार?" बरोबरचीच चुलती कुशाबाई म्हणते, "अगं, बाप्या माणसाचं नाव नसलं की भांडं उघडंबोडकं दिसतं. पुढं कुणाचं तरी हवंच!" आणि रामहरी? दुसरं लग्न करून बसलेला, तरी कुणकुण लागताच निरोप धाडलेला... "माझं नाव खोडू नगा, चारचौघांत इज्जत जाती!" इज्जत कुठं, तर हिच्या ताटात!

विजयमालानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग दुकानदाराला म्हणाली, "मामा, भात मी शिजवती, ताटं मी घासती. रामहरीनं कधी पाण्याचा तांब्या विसळला न्हाय, आबांनीबी न्हाय. पुढं कुणाचं न्हाय. टिंब द्या."

"बाई, खोडलं तर चरा राहील."

"राहू द्या. चऱ्यातनं काय आमटी गळत न्हाय."

घर्रर्र... सुरू झालं मशीन!

तुम्हाला सांगतो, ही गंमत मी घरी मीठमसाला लावून सांगितली. घोडचूक! आमची सिंधुबाई हसली नाही. उठली, फळीवरचं पातेलं काढलं, 'सौ. सिंधुबाई जोतीराम' असं ठसठशीत कोरलेलं, आणि माझ्या हातात दिलं. "जावा."

"अगं, पण पुढं कुणाचं?"

तिनं पिशवीही पुढं केली.

गेलो! न जाऊन सांगतो कुणाला? नेणारा मीच, पैसे देणारा मीच... आणि खोडला गेलो तोही मीच!