लेकीनं मला मैदानाबाहेर काढलं

हसू नका राव, पण मला एकदा भर मैदानातून बाहेर काढलं होतं, आणि तेही माझ्याच लेकीनं. पन्नासेक वर्षं झाली असतील. मी तेव्हा पिंपरीच्या एका कंपनीत टर्नर होतो. आमची सुनंदा सातवीत, शाळेच्या खो-खो संघाची कॅप्टन. कासारवाडीत सांगवीच्या मुलींशी फायनल होती. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर मी तसाच सायकल मारत गेलो.

शेवटचं मिनिट चाललं होतं. सुनंदा टिकली तर आमचा संघ जिंकणार. तेवढ्यात पंचांनी शिट्टी वाजवून तिला बाद दिलं. माझं डोकंच फिरलं. थेट आत घुसलो आणि पंचांची कॉलर धरली. "हात लागलाच न्हाई तिला! डोळे हायत का न्हाई?"

सुनंदा धापा टाकत मध्ये आली. "आप्पा, लागला. पाठीला लागला. सोडा सरांना."

"गप, तुला काय कळतंय?"

"पाठ माझी हाय आप्पा. मला न्हाई कळणार तर कुणाला?"

अख्खं मैदान हसलं. मग ती पंचांना म्हणाली, "सर, आमचे आप्पा बाहेर जाईपर्यंत खेळ सुरू करू नका."

मी मान खाली घालून बाहेर आलो. उरलेल्या वेळात आमची आणखी एक पोरगी बाद झाली आणि एका गुणानं आम्ही हरलो. मॅच संपल्यावर मी पंचांची माफी मागितली. ते म्हणाले, "पोरगी गुणाची आहे तुमची. हे वळण कुणी लावलं?"

हरल्याचं काहीच वाटत नव्हतं, छाती नुसती फुगली होती. पण खोटं कसं बोलणार?

"तिच्या आईनं," म्हटलं. "आता मला लावायचं लेकीनं मनावर घेतलंय."