दोष ड्रायव्हरचा

गोल्फच्या दुकानात ती बाकावर आपला नंबर यायची वाट बघत बसली होती. जाळीसमोर एक वयस्क गृहस्थ ड्रायव्हर, म्हणजे पहिला लांब फटका मारायची काठी, निवडत होते. सोबत त्यांची बायको होती.

“हाही चेंडू उजवीकडे गेला. दांडा ताठ आहे या ड्रायव्हरचा.”

“साहेब, हा आमच्याकडचा सगळ्यात लवचीक दांडा. तुमची डावी मूठ मध्येच सुटतेय.”

“मूठबीठ काही सुटत नाही.”

“अहो, सकाळी कपही असाच सुटला.”

“कप गुळगुळीत होता.”

“आणि शर्टाची बटणं? तीही गुळगुळीतच?”

“तू मदतीला आलीयस की उलटतपासणीला?”

“डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर तुम्ही मला इथे आणलंत.”

“कारण दोष माझ्या जुन्या ड्रायव्हरमध्ये आहे! अहो दुकानदार, हा माझा जुना घ्या, तुम्हीच मारून बघा. उजवीकडेच जाणार.”

दुकानदाराने फटका मारला. बाकावरून तिला चेंडूचा मार्ग दाखवणारा पडदा स्पष्ट दिसत होता. चेंडूची रेघ मधोमध, सरळ गेली.

“लागला असेल चुकून. पुन्हा मारा.”

पुन्हा सरळ.

“अहो, तो तरुण माणूस आहे. मनाला लावून घेऊ नका.”

गृहस्थांची नजर पडद्यावरून हलेना.

“अगं, ऐक ना.”

“काय?”

“माझा डावा हात धर जरा.”

“असं काय करताय? मघापासून धरूनच उभी आहे मी.”